उजवा आंबसरीचा, डावा खडकवण्याचा

कल्याणी धायगुडेचा उजवा पाय आंबसरी तालुक्याकडून लंगडी खेळायचा आणि डावा पाय खडकवणे तालुक्याकडून. यात लपवाछपवी काही नव्हती. दोन्ही संघांच्या यादीत तिचं नाव असे आणि नावापुढे पाय लिहिलेला असे.

ही विभागणी जन्मापासूनची होती. तिची आई इंदुबाई बाळंतपणासाठी दुधाच्या टेम्पोतून निघाली होती. कल्याणी पायाळू, म्हणजे डोक्याऐवजी पाय पुढे करून जगात आलेली, आणि त्यातही तिचा डावा पाय जास्त घाईचा. तो ओढ्याच्या अलीकडे, खडकवण्याच्या हद्दीतच बाहेर आला. तेवढ्यात पुलावर शेळ्यांचा कळप आडवा आला. शेळ्या कुणाच्या बाळंतपणासाठी बाजूला होत नसतात. कळप पांगेपर्यंत डाव्या पायाला खडकवण्याचा रीतसर रहिवास घडला. मग टेम्पोने पूल ओलांडला आणि उजवा पाय, धड, दोन्ही हात आणि शेवटी रडणारं डोकं आंबसरी तालुक्यात जन्माला आलं.

पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीची उसण जाते, हे कुणाला सांगायला नको. धायगुड्यांच्या ओसरीवर रोज सकाळी दोन-चार माणसं कमरेवर हात ठेवून बसलेली असत. पण खरा पायाळू डावाच. उजवा त्याच्या मागून, वाट मोकळी झाल्यावर आलेला. एका गृहस्थाला गर्दीत चुकून उजव्याची लाथ बसली, तर त्याची उसण पाठीतून निघाली आणि मानेत जाऊन बसली. तेव्हापासून लाथ द्यायच्या वेळी उजवा पाय पाटाखाली ठेवत. याचं त्याला वाईट वाटत असावं, कारण मैदानात तो फार जोर लावायचा.

दोन्ही पायांचे शिक्षक वेगळे. सकाळी आंबसरीचे घोरपडे सर उजव्याला सरावाला घेऊन जात आणि संध्याकाळी खडकवण्याच्या मुळीक बाई डाव्याला घेऊन जात. दोन्ही वेळेला कल्याणी सोबत जाई, कारण जावंच लागे. घोरपडे सरांचा भर ताकदीवर होता. मुळीक बाई म्हणायच्या, लंगडी ही जोराची नाही, वळणाची. परिणाम असा झाला की उजवी पोटरी डावीपेक्षा दोन बोटं जाड झाली, आणि डावा घोटा असा लवचिक झाला की ताटाएवढ्या जागेत गिरकी घेई. उजव्या पायाचा तळवा रुंद, डाव्याचा निमुळता. चपला दोन दुकानांतून एकेक अशा घ्याव्या लागत, आणि दोन्ही दुकानदारांना दुसऱ्याचं तोंड बघायचं नसे.

अडचण एकच होती. दोन संघांच्या खेळाडूंनी एकत्र सराव करायचा नाही, असा जिल्हा लंगडी संघटनेचा नियम होता. चालणं घरकामात धरलं जाई, त्यामुळे चालायला हरकत नव्हती. जिना चढणंही चालत असे, वर काही काम असेल तर. पण पळणं म्हणजे सराव. एकामागून एक दोन्ही पाय वेगाने टाकायचे म्हणजे आंबसरी आणि खडकवणे यांनी संगनमत केल्यासारखंच झालं. म्हणून कल्याणी जन्मात कधी पळाली नव्हती. शाळेत शर्यती असल्या की ती बाकीच्या मुलींच्या चपला सांभाळत बसायची. एकदा कुत्रं मागे लागलं, तेव्हा ती देवळापर्यंत उजव्याने आणि देवळापासून पुढे डाव्याने लंगडी घालत गेली. कुत्र्याला हे बघवेना. ते खाली बसलं.

"आई, पळताना कसं वाटतं गं?" असं ती कधीकधी विचारायची.

"आता काय सांगू," इंदुबाई भाकरी थापता थापता म्हणायची. "मला यस्टी धरायची असली तरच मी पळते. तवा कसं वाटतंय ते बघायला येळ कुटं असतोय?"

कल्याणीला बक्षिसांचं काही नव्हतं. ढाली दोन्ही बाजूंनी येतच होत्या. तिला फक्त एकदा पळायचं होतं. इतकं की रात्री झोपेत दोन्ही पाय अंथरुणात हलायला लागत आणि इंदुबाई घाबरून त्यांच्यामध्ये उशी ठेवी. कुणी पाहिलं तर दोघेही बाद व्हायचे.

मध्यंतरी शहरातल्या क्रीडासंस्थेतून डॉक्टर केतकर नावाच्या बाई तपासणीला आल्या. त्या मोठ्या अभ्यासू होत्या. प्रत्येक खेळाडूचा एक पाय प्रधान असतो आणि दुसरा त्याला आधार देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रधान पाय कोणता हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी कल्याणीपुढे चेंडू ठेवला आणि मारायला सांगितलं. कल्याणीने विचारलं, "कोणत्या तालुक्याकडून?"

डॉक्टरांनी चेंडू उचलून ठेवला. दुसरी युक्ती जुनी आणि खात्रीची होती. माणूस बेसावध असताना त्याला मागून हलकेच ढकलायचं, तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो प्रधान. डॉक्टर गप्पा मारत मारत मागे गेल्या आणि त्यांनी कल्याणीला ढकललं.

उजव्या पायाने वाट पाहिली, डावा काय करतो. डाव्याने वाट पाहिली, उजवा काय करतो. एवढ्यात कल्याणी सरळ तोंडावर पडली. डॉक्टरांनी तिला उठवलं, तोंड पुसायला रुमाल दिला आणि कागदावर लिहिलं, "प्रधान अवयव : नाक."

जाताना त्या इंदुबाईला म्हणाल्या, "पायांत फरक असतो, त्याचं काही नाही. पण दोघांना वापरात ठेवा. वर्षभर जमिनीला टेकवला नाही, तर कोणताही पाय शेवग्याची शेंग होतो."

इंदुबाईने मान डोलावली. हे वाक्य लवकरच तिला पुन्हा आठवणार होतं, पण त्या दिवशी तिने डॉक्टरांना चहा करून दिला आणि वाटेला लावलं.

त्या वर्षी कधी नव्हे ते झालं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आंबसरी आणि खडकवणे समोरासमोर आले. आजवर दोघांपैकी एक आधीच हरलेला असे, त्यामुळे कल्याणीचं भागत होतं. आता संघटनेचे ज्येष्ठ पंच गुंजवटे गुरुजी स्वतः घरी आले. ते नियमाला इतके पक्के होते की लग्नात अक्षतासुद्धा शिट्टी वाजल्यावर टाकायचे. पाटावर बसून त्यांनी सांगितलं, "जिंकेल तो पाय राज्याच्या वर्षभराच्या शिबिराला जाईल. हरेल तो जाणार नाही."

"म्हंजे?" इंदुबाईने विचारलं. "त्यो कुटं जाईल?"

"तो सोबत आला तरी चालेल. पण शिबिराच्या जमिनीला टेकायचा नाही. ती जागा फक्त निवड झालेल्या खेळाडूंसाठी आहे."

"वरीसभर?"

"वर्षभर."

इंदुबाईला शेवग्याची शेंग आठवली. "गुरुजी," ती म्हणाली, "माझ्या लेकीला पाय हायती ते. तालुकं न्हाईत."

"मला कळतं, इंदुबाई," गुंजवटे गुरुजी म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं. त्यांनाही तीन मुली होत्या. "पण नियम मी केला नाही. मी फक्त शिट्टी वाजवतो."

गुरुजी गेल्यावर कल्याणी पायरीवर बसून दोन्ही पायांकडे पाहत राहिली. कोणताही जिंकला तरी दुसरा वाळणार होता. मग पळण्याचं नावच नको. तिला रडू आलं. डोळे पुसायला हात वर केले तेव्हा तिला वाटलं, हेसुद्धा आंबसरीचेच.

आणि हातांचंच भांडण आधी निघालं. हात आंबसरीत जन्मलेले. डावा पाय खेळायचा तेव्हा गडी शिवायला हात लागत, म्हणून खडकवणे तालुका दर मोसमात आंबसरीकडून दोन्ही हात मागून घेई. संघटनेत याला हातउसने म्हणत. या वेळी घोरपडे सरांनी साफ नकार दिला.

"समोर आम्हीच असताना आमचेच हात तुम्हाला कसे देऊ?" ते म्हणाले. "हा शहाणपणा म्हणायचा का?"

"मग शिवायचं कशाने?" मुळीक बाईंनी विचारलं.

"ते तुमच्या पायाने बघावं."

"बघेल," मुळीक बाई म्हणाल्या. "आमचा पाय काही तुमच्या हातावर जगत नाही."

सामन्याच्या दिवशी मैदानाला जत्रेची कळा आली. चुन्याची नव्हे, चांगल्या फक्कीची रेघ मारून चौकोन आखला होता. एका बाजूला आंबसरीची माणसं, दुसऱ्या बाजूला खडकवण्याची. इंदुबाई मधल्या कोपऱ्यात कोणत्याच बाजूला न बसता उभी राहिली.

नाणेफेक आंबसरीने जिंकली आणि कल्याणी उजव्या पायावर लंगडी घालत आत गेली. डावा पाय वर दुमडलेला होता, पण तो खडकवण्याचा संरक्षक खेळाडू म्हणून मैदानातच होता. घोरपडे सरांनी ओरडून सांगितलं, "आधी जवळचा गडी!" कल्याणीने हात खाली नेला आणि आपल्याच डाव्या पायाला शिवलं. शिट्टी वाजली. डावा बाद.

"बाद झालेल्या खेळाडूने बाहेर जावं," गुंजवटे गुरुजी म्हणाले.

मुळीक बाई पुढे आल्या. "तो गेला की ती पण जाईल. मग तुमची लंगडी कोण घालणार?"

गुरुजींनी खाली वाकून डाव्या पायाकडे नीट पाहिलं. "तो जमिनीला टेकलेला नाही," त्यांनी निर्णय दिला. "जो जमिनीवर नाही तो मैदानात नाही. म्हणजे तो बाहेरच आहे. खेळ पुढे चालू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्याय असावा तर असा.

मग खडकवण्याची पाळी आली. घोरपडे सरांनी कल्याणीचे दोन्ही हात आपल्या उपरण्याने मागे बांधले आणि कल्याणी डाव्या पायावर आत शिरली. हाताविना गडी शिवायचा एकच मार्ग होता. तिने ताटाएवढ्या जागेत गिरकी घेतली आणि आंबसरीच्या पहिल्या मुलीच्या पायावर नेमका पाय दिला.

शिट्टी वाजली आणि नको ते घडलं. माणसाला पाय लागला की आपण काय करतो? कल्याणीला लहानपणापासून तेच वळण होतं. उपरण्याची गाठ सुटली, हात पुढे आले, तिने एका पायावर उभ्या उभ्या त्या मुलीला वाकून स्पर्श केला आणि हात छातीला लावला.

"असू दे, असू दे," ती मुलगी म्हणाली आणि बाद होऊन बाहेर गेली.

"हात!" घोरपडे सर ओरडले. "खडकवण्याने आमचे हात वापरले!"

"आधी पाय लागला, मग हात," गुंजवटे गुरुजी म्हणाले. "पायाने खेळाडू बाद झाली. हाताने फक्त माफी मागितली. माफी आंबसरीने मागितली असं धरा."

"आम्ही का म्हणून माफी मागायची?"

"मग काय पाय लागल्यावर तसंच जायचं?" गुरुजींनी असं विचारल्यावर घोरपडे सरांनी उपरणं उचलून खांद्यावर टाकलं. संस्काराला कोण नाही म्हणणार! पुढे प्रत्येक बळीनंतर नमस्कार झाला, प्रत्येक मुलगी असू दे म्हणाली, आणि त्यातल्या एकीने तर बाहेर येऊन सांगितलं की तिची पाठ आठवडाभर धरली होती ती मोकळी झाली. पण नमस्कारात वेळ गेला. डाव संपला तेव्हा गुण बरोबरीत होते.

बरोबरी झाली की निकाली डाव खेळतात. त्यात एक आक्रमक, एक संरक्षक. वेळेचं बंधन नाही. संरक्षक सापडला तर आक्रमकाचा संघ जिंकला, आक्रमक चुकला तर संरक्षकाचा. चिठ्ठी टाकली, आक्रमण खडकवण्याकडे आलं. मुळीक बाईंनी आपला सर्वांत चांगला खेळाडू पुढे केला. तो कल्याणीचा डावा पाय होता. घोरपडे सरांनी आपला सर्वांत चांगला खेळाडू पुढे केला. तो कल्याणीचा उजवा पाय होता.

मैदानात कल्याणी एकटीच उभी राहिली. डावा जमिनीवर, उजवा वर. कुणीतरी शेंगा फोडत होता, त्याने फोडणं थांबवलं.

"पंच!" घोरपडे सर म्हणाले. "आमचा खेळाडू संरक्षक आहे. लंगडी त्याला नाही, समोरच्याला आहे. त्याला जमिनीवर यायचा हक्क आहे."

मुळीक बाईंनाही हे पटलं. "येऊ दे की खाली," त्या म्हणाल्या. "वर लटकलेल्याला आमचा पाय गाठणार कसा?"

"दोन्ही संघ राजी आहेत," गुंजवटे गुरुजी म्हणाले. "उजव्याने खाली उतरावं. शिट्टी वाजली की त्याने पळावं. डाव्याने त्याला धरावं."

हे वाक्य कल्याणीच्या कानात शिरलं आणि तिथेच घोटाळत राहिलं. तिने हळूच विचारलं, "गुरुजी, उजव्याने पळायचं आणि डाव्याने त्याच्यामागून जायचं?"

"हो."

"मग डावा जवळ आला की उजव्याने परत पुढे पळायचं?"

"तोच खेळ आहे."

"पण दोघांनी एकत्र सराव करायचा नाही ना?"

गुंजवटे गुरुजींनी शिट्टी तोंडातून काढली. चष्मा पुसला. तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, हा सराव नाही. हा सामना आहे."

शिट्टी वाजली. उजवा पाय पुढे पडला. डावा त्याला धरायला झेपावला. उजवा निसटून पुढे गेला, डावा पुन्हा मागे. उजवा. डावा. कल्याणी पळायला लागली.

सुरुवातीला तिला वाटलं आपण पडतोय. मग कळलं की हे पडणंच आहे, फक्त दर वेळी एक पाय येऊन झेलतो. उजव्याच्या जोराने ती पुढे फेकली जात होती आणि डाव्याच्या वळणाने कोपऱ्यावर फिरत होती. दोन बोटांचा फरक असलेल्या पोटऱ्या एकमेकींना टोला देत होत्या. वारं कानात शिरलं, वेणी सुटली, आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसायला लागली. आंबसरीची माणसं ओरडत होती, "पळ! पळ!" खडकवण्याची माणसं ओरडत होती, "धर! धर!" चौकोन तिला पुरेना. ती गरागरा फेऱ्या मारत होती आणि लोक बघायला इतके पुढे सरकले की त्यांच्या पायांनी फक्कीची रेघ पुसून गेली.

रेघच नाही म्हटल्यावर बाहेर जायचा प्रश्न उरला नाही. कल्याणी माणसांच्या मधून निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि डांबरी सडकेला लागली.

सामना चालू असताना पंचांनी खेळाडूंवरून नजर हटवायची नसते. गुंजवटे गुरुजींनी घोरपडे सरांना मोटारसायकल काढायला लावली आणि मागे बसले. मुळीक बाई म्हणाल्या, एकाच संघाचा माणूस पंचांसोबत असणं बरं दिसत नाही, आणि त्याही पदर खोचून गुरुजींच्या मागे बसल्या. अशी तीन माणसं एका गाडीवरून कल्याणीच्या मागे निघाली.

"उजव्या, सोडू नकोस!" घोरपडे सर पुढून ओरडले.

"डाव्या, आता गाठ!" मुळीक बाई मागून ओरडल्या.

"उजवा पुढे," गुंजवटे गुरुजी मधून जाहीर करत होते. "डावा पुढे. उजवा पुढे."

"डावा पुढे गेला म्हणता तर मग पाठलाग कोण करतंय?" मुळीक बाईंनी विचारलं.

"त्या क्षणी उजवा," गुरुजी म्हणाले. "पण एकाने दुसऱ्याला शिवलेलं नाही. खेळ चालू आहे."

इंदुबाई आडवाटेने शेतातून येऊन सडकेच्या कडेला पोचली होती. हातात पाण्याचा तांब्या होता. कल्याणी जवळ आली तशी तीही तिच्या बाजूने धावायला लागली, पाणी सगळं तिच्याच लुगड्यावर सांडत होतं.

"कल्याणे! अगं दमशील! जरा थांब की!"

"थांबले की निकाल लागंल, आई!"

इंदुबाईने धावता धावता विचार केला. निकाल लागला की एक पाय गेला. मग तिने तांब्या बांधावर ठेवून दिला.

"मग पळ!" ती ओरडली. "पळ माझी बाय! अजिबात थांबू नगंस!"

आणि कल्याणी पळाली. पुढे सडकेला लांबलचक उतार लागला. दोन्ही बाजूंना ऊस होता, सायकलवरची माणसं खाली उतरून वाट देत होती, आणि कोण कोणाच्या मागे आहे हे आता डोळ्यांना दिसत नव्हतं. घोरपडे सरांचा आवाज बसला होता. मुळीक बाई नुसत्याच हसत होत्या. कल्याणीने मान वळवून विचारलं, "गुरुजी, कोण हरलं?"

गुंजवटे गुरुजींनी गाडीवर अर्धवट उभं राहून दोन्ही पायांकडे बारकाईने पाहिलं.

"अजून कुणीच नाही," त्यांनी जाहीर केलं आणि घोरपडे सरांना गाडी आणखी जोरात घ्यायला सांगितली.